आधी जमीन वळखा

वेल्ह्याच्या बाजारात जमिनीचे ऑनलाइन नकाशे काढून देणाऱ्या एक ताई आहेत. घराच्या परवानगीच्या कागदांसाठी मी त्यांच्याकडे चार-पाच वेळा गेलो, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. बोलता बोलता त्यांची बोटं भराभर चालतात. मात्र नकाशा मागवण्याआधी त्या हटकून थांबतात, स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवतात आणि म्हणतात, "आधी जमीन वळखा." मला हा उगाच वेळकाढूपणा वाटायचा.

एकदा पासलीच्या एक आजी माझ्यापुढे होत्या. नकाशा जुळत नाही म्हणून त्यांचा बांधकामाचा अर्ज परत आला होता. त्यांना वाचता येत नव्हतं. ताईंनी त्यांना जवळ बसवलं.

"आजी, ह्यो वढा, ह्यो रस्ता. तुमी वढ्याच्या अल्याड का पल्याड?"

"पल्याड. देवळाच्या वरल्या अंगाला." आजींचं बोट स्क्रीनवरून हळूहळू सरकलं आणि थांबलं. "हितं! ह्यो वाकडा तुकडा माजा!"

ताईंनी तिथला गट नंबर वाचला, अर्जावरचा पाहिला आणि टाळीच वाजवली. "आवं, दोन आकडं उलटं पडल्यात! शेजाऱ्याच्या रानात घर बांधत व्हता की तुमी!"

सगळं दुकान हसलं, आजी सगळ्यांत जास्त. नवा नकाशा हाती येताच चूल कुठं येणार, दार कुठं येणार, हे त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाला दाखवलं. ताईही हातातलं काम सोडून त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या.

"आजी," त्या म्हणाल्या, "खिडकी तोरण्याकडं ठेवा बरं का."