पाच पॉइंट सहा की चार

मला इंजेक्शन भरायची भीती वाटते.
इतकी वर्षं नर्स आहे, तरी वाटते.

आणि या भीतीला ज्यांनी कधी नावं ठेवली नाहीत, त्या आमच्या इनचार्ज कांबळे सिस्टर आज सकाळी गेल्या. कसबा बावड्यात, स्वतःच्या घरी.

त्यांच्या वॉर्डात एक पद्धत होती. बाहेरच्या माणसाला ती खुळ्यासारखी वाटायची.

इन्सुलिन, पोटॅशियम, रक्त पातळ करायचं हेपारिन, असलं धोक्याचं काही द्यायचं असलं की दोन सिस्टरनी एकमेकींकडं पाठ करून उभं राहायचं. जिनं तिनं आपापला हिशेब करायचा. मग उत्तर मोठ्यानं सांगायचं.
जुळलं तरच बाटली उघडायची.

"शेजारणीचं बघून केलेला हिशेब म्हंजे एकाच चुकीवर दोघींच्या सह्या," असं म्हणायच्या.

एकदा एका पेशंटचा मुलगा हसत म्हणाला, "काय सिस्टर, भांडण झालंय व्हय दोघींचं?"
"व्हय की पावणं. तुमच्या आईसाठीच भांडाय लागलोय."


मी नवीन होते तेव्हा ड्युटी संपवून हुपरीच्या बसमध्ये बसले की दरदरून घाम फुटायचा. आपण किती भरलं? एक शून्य जास्त तर पडलं नाही ना? शेवटी वॉर्डला फोन लावायचे.

"सिस्टर, तीन नंबरचे आजोबा कसे हायत?"
"च्या प्यायलाय त्यो. तू घरला जा गपगुमान."

पण हसल्या कधीच नाहीत. उलट म्हणायच्या, "भ्या वाटतंय न्हवं? असू दे. मला पण वाटतंय."

तोंड मात्र फाटकं होतं हां. मी एकदा आधी शून्य न लिहिता नुसतंच पॉइंट पाच लिहिलं (टिंब दिसलं नाही तर ते पाचच वाचलं जातं), तर अख्ख्या वॉर्डासमोर ओरडल्या, "हुपरीची हायस न्हवं तू? घरात चांदी घडवताना कण सांडला तर भुई झाडून गोळा करता, आणि हितं शून्य गिळतीस व्हय गं?"
त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. शून्य मात्र परत कधी विसरले नाही.

मग रिटायर झाल्या. आणि लगेच कॅन्सर निघाला.

गेल्या वर्षी आमच्याच वॉर्डात ॲडमिट झाल्या. पायात रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी हेपारिन लिहिलं. वजनाच्या किलोमागे ऐंशी युनिट.

कमी पडलं तर गाठ सुटून फुप्फुसात जाणार. जास्त झालं तर आतल्या आत रक्त वाहणार.
आणि समोर कोण, तर कांबळे सिस्टर.

माझी बोटं गार पडली होती.

हिशेबाला दुसऱ्या सिस्टरला हाक मारली तर कांबळे सिस्टर म्हणाल्या, "तिला पण करू दे. पण आधी तू आणि मी. माझं औषध हाय."

मी कॉटकडं पाठ करून उभी राहिले. बाटलीवर लिहिलं होतं, एका एमएलमध्ये हजार युनिट. हिशेब सोपाच होता.

"हं, सांगा," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "पाच पॉइंट सहा."
मी म्हटलं, "चार."

वॉर्डात एवढा गोंगाट असतो, पण मला काहीच ऐकू येईना.

कांबळे सिस्टरचा हिशेब चुकलेला मी कधी बघितला नव्हता. म्हणजे चुकले ते मीच. परत केला. चारच आले. दुसऱ्या सिस्टरकडं बघितलं, तिनंही चार बोटं दाखवली.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जीवच गेला माझा.

सकाळी त्यांना वजनाच्या खुर्चीवर मीच बसवलं होतं. आकडा माझ्या बाजूला होता. "किती भरलं गं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा "सांगते की" म्हणून मी विषय बदलला होता. सांगायचा धीरच झाला नव्हता.

"वजन किती धरलंस?" मागून आवाज आला.

मी बाटलीवरचं लेबल परत वाचलं.

"सुप्रिया, उत्तर जुळंना झालंय. वजन किती धरलंस?"

त्यांचाच नियम होता. जुळलं नाही तर कुठला आकडा कुठून घेतला ते मोठ्यानं सांगायचं. तोवर औषध द्यायचं नाही.

"पन्नास," मी म्हटलं.

मी वळून बघितलं. त्या स्वतःच्या मनगटाकडं बघत होत्या. बांगडी पार कोपरापर्यंत वर सरकवून बघितली.

"मी सत्तर धरलं," त्या म्हणाल्या. "माझं सत्तरच असतंय."

मला हुंदका आला. त्यांना नाही आला.

"रडाय काय झालं? तुझं बरोबर हाय. फिर तिकडं. परत करूया."

मी परत पाठ केली. डोळ्यांनी काही दिसत नव्हतं.

"चार," मी म्हटलं.
मागं बांगडी वाजली.
"चार," त्या म्हणाल्या. "भर आता."

पायाची सूज उतरली. चालत घरी गेल्या. कॅन्सरनं मात्र सोडलं नाही.

आत्ता त्यांच्या घरून आले. दुपारची ड्युटी आहे. सात नंबरच्या काकूंना हेपारिन आहे. बोटं आत्तापासूनच गार पडल्यात.

सिस्टर, मी पाठ फिरवूनच उभी राहीन. उत्तर मोठ्यानं सांगीन. भीतभीतच भरीन.

तुम्ही जावा आता निवांत. तुमच्या सुप्रियाचा नमस्कार घ्या.