कॅम्पातल्या मशीनचं योक

माझा धाकटा भाऊ देवळाली कॅम्पात टीव्ही दुरुस्त करायचा. आता लोक बिघडलेला टीव्ही भिंतीवरून उतरवतात आणि नवा लावतात. शेवटी त्याने दुकान आवरायला घेतलं, आणि मागच्या खोलीत ताडपत्रीखाली पडलेलं व्हिडिओ गेमचं मशीन उजेडात आलं. पुरुषभर उंचीचं लाकडी खोकं, समोर बटणं, वर काळी काच. उमेदीच्या काळात त्याने ते मुंबईहून जुन्यात आणलं होतं, आणि कॅम्पातली पोरं शाळा बुडवून त्याच्यापुढे रांग लावायची. नाशिकरोडचा एक हॉटेलवाला आता ते नुसतं खोकं मागत होता. आत फळ्या मारून बाटल्या ठेवणार होता म्हणे.

"चालू झालं तर ठेवतो, ताई. नायतर देऊन टाकतो," भाऊ म्हणाला. सायखेडा सोडून इतकी वर्षं झाली तरी गावची बोली त्याच्या तोंडून गेलेली नाही. "हे मढं ठेवू कुठं?"

मढं म्हणाला, ते मला अजिबात आवडलं नाही.

हे मशीन टीव्हीसारखं नसतं. टीव्हीत उजेडाचा ठिपका शेत नांगरावं तसा सगळ्या काचेवरून ओळीने फिरतो. इथे तो हवी तेवढीच रेघ काढतो. एक त्रिकोणी विमान, चार वेडेवाकडे दगड, बाकी सगळा अंधार. त्या ठिपक्याला फिरवते ती पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसवलेली तांब्याच्या तारेची कॉइल. तिला योक म्हणतात, आणि तेच जळून कोळसा झालं होतं. दुसऱ्या एका मेलेल्या मशीनचे पार्ट काढून भावाने बोर्ड जिवंत केला होता. ट्यूब मात्र एकच होती आणि तसली दुसरी कुठे मिळणार नव्हती.

त्याने जुन्या टीव्हीचं योक लावून बघितलं. ट्रान्झिस्टर तापले आणि दुकानभर जळका वास सुटला. त्याने डोक्याला हात लावला.

"ते जळकं योक इकडे दे," मी म्हटलं.

"ताई, हे लय नाजूक काम हाय."

"मग मी काय इतकी वर्षं गोधड्या शिवत होते?"

मी सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कॉइल गुंडाळत राहिले, केस पांढरे होईपर्यंत. तिथे प्रत्येकीच्या बांधायच्या दोऱ्याचा रंग वेगळा असायचा. कॉइल खराब निघाली की रंग बघून तिच्याच टेबलावर परत यायची, वर सुपरवायझरची बोलणी. चांगली कॉइल कधीच परत यायची नाही. ती खोक्यात भरली जायची आणि खोकं ट्रकमध्ये चढायचं. पुढे ती कशात बसली, तिने काय फिरवलं, कोणी सांगितलं नाही. निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी शाल दिली, भाषण केलं, तेव्हाही नाही. आपण केलेली एक तरी कॉइल काम करताना बघावी, एवढीच माझी हौस होती, आणि ती राहून गेली होती.

जळकं योक मी घरी आणून जेवणाच्या टेबलावर सावकाश उलगडलं. तार टीव्हीच्या तारेपेक्षा जाड निघाली आणि वेढे कितीतरी कमी. ठिपक्याला पळायचं असतं, मग त्याला जड ओझं कसं चालेल? टीव्हीचं योक का चाललं नाही, ते माझ्या ध्यानात आलं. टोकं बांधलेली गाठ तर अगदी आमच्या टेबलावरची. कुठल्या देशातल्या कुठल्या बाईने बांधली असेल कोण जाणे, पण हात चांगला होता तिचा.

त्याच गेजची, म्हणजे तेवढ्याच जाडीची तार मी भद्रकालीतल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणली. मी मोजायला बसले की घरात कोणी बोलायचं नाही असा हुकूम काढला. तरी यजमानांनी चहाचं विचारलंच, आणि एक अख्खी बाजू उलगडून मला पुन्हा पहिल्यापासून गुंडाळावी लागली. त्या दिवशी चहा त्यांनीच केला.

योक बसवलं त्या सकाळी भावाने आधी ट्यूबची हाय व्होल्टेजची वायर काढून ठेवली आणि मेनच्या वायरीत सिरीजचा बल्ब घातला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. तो क्षणभर उजळला आणि मंद झाला. योक किणकिणायला लागलं. ट्रान्झिस्टर हाताला जेमतेम कोमट लागत होते.

"आता खरी परीक्षा," तो ती वायर जोडत म्हणाला. योकने ठिपका फिरवला नाही तर तो काचेच्या मधोमध उभा राहतो आणि आतला थर कायमचा जाळतो. मग ट्यूब गेली, मशीन गेलं, आणि माझी कॉइलही पुन्हा न बघितलेलीच राहिली असती.

बटण दाबलं. काच काळी ती काळीच. भावाचा हात सवयीने ब्राइटनेसकडे गेला. काळी काच दिसली की टीव्हीवाल्याचा हात तिकडे जातोच. मी त्याच्या हातावर फटका मारला.

"तापू दे ट्यूब! ठिपका मध्येच उभा असला तर तूच जाळशील त्याला!"

तो हात चोळत उभा राहिला. मग काचेच्या एका कोपऱ्यात काहीतरी हललं. एक रेघ, मग दुसरी, आणि त्या काळोखात सुईच्या टोकासारखे बारीक, स्वच्छ दगड तरंगायला लागले. मधोमध छोटंसं त्रिकोणी विमान उभं होतं. एकही रेघ थरथरत नव्हती.

भाऊ दारात जाऊन शेजारच्या शिंप्याला हाक मारून ओरडला, "ओ, या इकडं! माझ्या ताईनं केलंय हे, हातानं! आता खोकं मागायला ये म्हणावं कोणाला यायचंय ते!"

माझे डोळे भरून आले होते. अभिमान वाटला, खूप वाटला, आणि तो लपवायची मला काही गरज वाटली नाही.

भाऊ आत आला, काचेजवळ वाकला आणि हसायला लागला. "ताई, काचेवरची अक्षरं उलटी आलीत बघ, आरशातल्यासारखी. योकच्या दोन वायरी अदलाबदल झाल्यात. मिनिटभर बंद करतो."

"हात लावून तर बघ," मी म्हटलं, आणि स्टूल पुढे ओढून बसले.