सांगायला कोण गेलं

हे मी बायकोपाशीही कधी काढलं नाही. तुमच्यापाशी काढतोय, पण शेवटपर्यंत सांगेन का — ठाऊक नाही. भीती वाटते. आयसीयूत जन्म घालवलेल्या डॉक्टरला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल.

बुऱ्हाणपुरात आता मी तरुण डॉक्टरांच्या शिक्षणाचा प्रमुख आहे. प्रत्येक बॅचचा पहिला तास माझा — मृत्यूची बातमी घरच्यांना कशी द्यायची. बसून सांगा, म्हणतो. नजर चुकवू नका. ज्युनिअरला एकटं पुढे करू नका. पोरं लिहून घेतात. माझे तळवे तेव्हा घामाने ओले असतात, म्हणून हात टेबलाखाली ठेवतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी जवळच्या बहादरपूरची एक बाई केळीच्या बागेत साप चावून आमच्याकडे आली होती. श्वास बंद, व्हेंटिलेटरवर. हळूहळू तिने डोळे उघडले, बोटं हलवली. तिचा दीर मला रोज गाठायचा — "डॉक्टरसाब, वैनी वाचीन ना हो?" एका सकाळी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "उद्या नळी काढू. घरी न्यायची तयारी ठेवा." असं बोलायची काही गरज होती का? पण ती माणसं मला देव म्हणत होती — आणि मला ते आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं हृदय थांबलं. आम्ही खूप वेळ छाती दाबली. गेली. त्यात कुणाची चूक नव्हती. मी कितीदा तरी तपासून पाहिलंय. चूक त्याच्या पुढची आहे.

दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. व्हरांडा माणसांनी भरलेला. एका म्हातारीच्या मांडीवर नवं लुगडं, सुनेला नेसवून घरी न्यायला आणलेलं. दीर अगदी दाराशी.

शेजारी मृणाल होती. नवी डॉक्टर, कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, हळू बोलणारी.

"तू सांगायला लाग," मी म्हणालो. "मला खाली इमर्जन्सीत बोलावलंय. आलोच."

"सर, मी एकटी?"

"आलोच म्हटलं ना."

मला कुणीही बोलावलं नव्हतं. मी मागच्या जिन्याने उतरलो, गाडीत बसलो, दारं आतून लावून घेतली. वरून काच फुटल्याचा आवाज आला. मग बाईचं ओरडणं. कुणाचं, ते मला कळलं — कसं नाही कळणार? मी गाडीची काच वर केली.

पोलीस आल्यावर वर गेलो, धापा टाकत, जणू धावत आलोय. मृणालचं मनगट मोडलं होतं. कानातून रक्त येत होतं. चौकशीत मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "सर दुसऱ्या पेशंटकडे होते, नाहीतर आले असते." तिला ते खरंच वाटत होतं. मी मान हलवली. पुढे ज्युनिअर डॉक्टरांच्या सुरक्षेचे नियम करायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यातूनच ही खुर्ची.

मृणालने आयसीयू कायमचं सोडलं. खांडव्यात लहानसा दवाखाना चालवते. एका कानाने तिला आता ऐकू येत नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. भाचीला आमच्याकडे जागा मिळालीय, तिला तुमच्याच हाताखाली राहू द्या, म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता — "सर, त्या दिवशी तुम्ही वर असता ना, तर मला कुणी हात लावला नसता."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते. मी म्हणालो, "काय करणार गं, खाली पेशंट फारच सिरियस होता."

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. "मी सगळ्यांना तेच सांगते."