गिरिजाबाईंचे मिसर

आदरणीय गिरिजाबाई स्वामी यांना मी प्रथम पाहिले ते दुष्काळात, जळकोटच्या शाळेत. त्या आम्हांला चित्रकला शिकवत. रंग कालवायला पाणी नसे, म्हणून स्वतःच्या पिण्याच्या तांब्यातले वाटीभर त्या बाजूला काढत. तेवढ्यावर त्यांनी जलरंगात एक मोठे चित्र पुरे केले. वाळूत अर्धे गाडलेले दगडी राजे, मागे पिरॅमिड, सावलीला टेकलेली मुंगीएवढी माणसे.

"बाई, हे कुठलं गाव हाय?" मी विचारले.

"मिसर देश."

"तिथं बी पाऊस न्हाई का?"

"न्हाई. पण नदी हाय. आपल्याकडं ती बी न्हाई."

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. तोवर मी त्याच शाळेत शिक्षक झालो होतो. नव्या जिल्ह्याच्या आनंदात आमच्या संस्थेने समारंभ योजला आणि बाईंचे चित्र व्यासपीठामागे लावले. पाहुणे यायच्या आधी तेव्हाच्या अध्यक्षांची नजर त्यावर गेली.

"शुभकार्यात वाळवंट? उतरवा ते. हिरवंगार शेत काढून द्या, बाई."

शिवारे त्याही साली करपलेली होती. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हिरवं कुठं हाय ते दाखवा. बसून काढते."

पंधरवड्यातच संस्थेच्या हिमायतनगरच्या शाळेत त्यांची बदली झाली. चित्र त्यांना मागूनही मिळाले नाही. ते उतरवले तेव्हा आम्ही सगळे शिक्षक तिथेच उभे होतो. एकानेही तोंड उघडले नाही.

हिमायतनगरला बाईंनी निवृत्तीपर्यंत मुली शिकवल्या. रेखाकलेच्या परीक्षेला मुलीला नांदेडला पाठवायला एखादी आई तयार नसली, तर बाई तिच्या ओट्यावर जाऊन बसत. "मी नेते, मीच आणून सोडते," म्हणत आणि होकार घेऊनच उठत. स्वतः मात्र त्यांनी पुन्हा जलरंगाला हात लावला नाही.

आता बाईंना पंचाहत्तरावे लागले. तीच संस्था हा गौरवग्रंथ काढते आहे. मुखपृष्ठावर मिसरचे चित्र हवे, असा आग्रह झाला. शोधले तेव्हा ते अडगळीच्या खोलीत सापडले. वाळवीने राजांची तोंडे खाल्ली होती, आभाळ गेले होते. मी ते घेऊन हिमायतनगरला गेलो आणि नवीन काढून द्याल का, असे भीतभीत विचारले.

बाईंनी चित्र बराच वेळ मांडीवर धरले.

"न्हाई. हेच छापा. तुम्ही ठेवलं तसं."

तसेच छापले आहे. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आमची शाल त्यांनी स्वीकारावी, एवढी विनंती. नाकारली, तरी आम्हांला रागवायचा अधिकार नाही.