गाडीचा टायम

आमच्या टायमकाकांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकदाही वेळेवर ऑफिस गाठलं नाही, आणि निवृत्त झाल्याबरोबर अख्ख्या जव्हारला वेळ शिकवायला घेतली. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या घरासमोर. शटर वर करायला जरा उशीर झाला की अंगणातून आवाज यायचा, "आमच्या गाडीत केव्हाच दहा वाजले." मी मुकाट्यानं शटर वर करायचो.

गाडी म्हणजे दोन माणसांपुरती, बिनटपाची, जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार. डहाणूकडच्या एका चिकूवाडीत कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. काकांनी कोंबड्या उठवल्या आणि गाडी टेम्पोत चढवून घरी आणली. का, तर डॅशबोर्डवर वेगाच्या काट्याशेजारी एक गोल घड्याळ होतं. काळी तबकडी, पांढरे आकडे, भोवती चकचकीत कडं. "इंग्रज आधी वेळ बघायचा, मग वेग," काका सांगायचे. इंग्रजानं हे त्यांना कधी सांगितलं, देव जाणे.

घोटाळा असा की दाभोशाकडच्या आणि मोखाड्याकडच्या जिपा त्यांच्याच फाटकापाशी थांबतात. बाजार करून आलेली एखादी बाई विचारायची, "काका, गाडीचा टायम काय?" काका लगबगीनं आपल्या गाडीत वाकायचे आणि सांगायचे, "चार वाजून दहा." बाई बिचारी चार-दहाच्या जिपेची वाट बघत टेकायची, तोवर समोरची जीप भरून निघून गेलेली असायची. अशीच जीप चुकलेला पोशेऱ्याचा एक म्हातारा दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणाला, "या बाबाच्या गाडीचा टायम रोज येगळा, पन गाडी कदी जातच नाय."

खरंच जात नव्हती. मेकॅनिकनं इंजिन चालू करून दाखवलं होतं, तिथं काही अडलं नव्हतं. पण घड्याळ चालायचं गाडीच्या बॅटरीवर. रात्रभर ते म्हाताऱ्या बॅटरीला शोषून काढायचं आणि सकाळी गाडी ढिम्म. घड्याळाची तार काढून टाका, गाडी पळेल, असं मेकॅनिक कानीकपाळी ओरडून सांगत होता. काका उखडले, "टायम बंद करून कुणी घराबाहेर पडतं का?" तेव्हा गाडी उभी आणि घड्याळ चालू. आमच्याकडच्या कितीतरी सरकारी योजना अशाच चालतात, त्यामुळे गावात कुणाला नवल वाटलं नाही.

काकूंना मात्र वाटायचं. त्यांचं मागणं एकच होतं, या गाडीतून एकदा शिरपामाळाला जायचं. लग्न झाल्यापासून नवऱ्यानं हौसेनं कुठं नेलं नव्हतं. आता गुडघे कुरकुरायला लागले होते आणि त्या बुटक्या सीटवर आज ना उद्या बसताच आलं नसतं. काका दर रविवारी म्हणायचे, "घड्याळ बरोबर लागू दे, की निघू." आणि घड्याळ तर रोज मागे पडायचं. मला काकांचा भयंकर राग यायचा, खोटं कशाला सांगू?

एका रविवारी काका घड्याळाचे काटे पुढे सारत होते. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या. त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि तार उपटून काढली.

"सुरतेला जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले होते, ते काय घड्याळ बघून?" त्या शांतपणे म्हणाल्या. "चला."

काकांनी किल्ली फिरवली. बॅटरी अर्थातच मेलेली होती. मी आणि दोन जीपवाल्यांनी धक्का मारला. गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि चक्क निघाली.

शिरपामाळ काही परमुलूख नव्हे. पण दिवेलागण झाली तरी दोघांचा पत्ता नाही. मी फाटकाशी येरझारा घालत होतो. शेवटी भोंगा वाजवत आले. काकूंच्या केसांत रानफुलं होती. इतका उशीर कसा, असं विचारलं, तर टायमकाका म्हणाले, "आम्हाला काय कळणार? घड्याळ बंद होतं ना."

ती तार त्यांनी पुन्हा जोडली नाही. बॅटरी मात्र कायमचीच गेली होती, त्यामुळे दर रविवारी धक्का मारायला तेवढी मला हाक यायची आणि मी कुरकुरत जायचो. मग काका गेले. आता माझा रविवार मोकळा असतो, आणि तो मला अजिबात आवडत नाही.

गाडी न्यायला पुण्याचे एक शौकीन आले. गंजलेल्या पत्र्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, डॅशबोर्डवरचं गोल भोक बघून मात्र फार हळहळले. घड्याळाशिवाय ही गाडी अपुरी, असं त्यांनी काकूंना परोपरीनं समजावलं. काकूंनी त्यांना चहा दिला, गाडी दिली. घड्याळ दिलं नाही. ते ओट्याजवळच्या खिडकीत असतं, बंदच.

परवा बाजारातून परतणारी एक बाई फाटकाशी थांबली. "काकू, गाडीचा टायम काय?"

काकूंनी खिडकीकडे पाहिलं.

"गाडी गेली गं बाई," त्या म्हणाल्या. "टायम तेवढा ठेवून घेतलाय."