तू आत्ता कुठं उभा हायस?

कुणी एंटर दाबणार इतक्यात आमचे वरिष्ठ, भाऊ, त्याच्या कीबोर्डवर आडवा तळहात धरायचे. "थांब राव. तू आत्ता कुठं उभा हायस?"

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "मोशीत, भाऊ. चौघांत एक खोली." सगळे हसले. भाऊंनी विचारलं, "जेवायची सोय हाय का?"

मी परभणीकडचा, नववीत शाळा सुटलेला. चाकणच्या कंपनीत पॅकिंगला होतो. भाऊंनी संगणकाच्या खोलीत ओढलं. आमची सॉफ्टवेअरं सर्व्हरांच्या जथ्यात, म्हणजे क्लस्टरमध्ये, बंद डब्यांसारखी चालतात. आत बघायचं तर आपल्या मशीनपासून त्या डब्यापर्यंत तात्पुरती वाट उघडायची. याला म्हणतात पोर्ट फॉरवर्डिंग. कोणती वाट उघडी, कोणत्या नंबरावर, हे दाखवायला एक टूल असतं. भाऊ खेडकडच्या शेतकरी घरातले. म्हणायचे, "पाणी कुणाच्या वावरात चाललंय ते बघ आधी."

एकदा जेवणाआधी मी चाचणीच्या डब्यातल्या नोंदी पुसायला बसलो होतो. तळहात आला.

"कुठं उभा हायस?"

"चाचणीत, भाऊ."

"टूल बघून सांग."

बघितलं. चाचणीची वाट मधेच तुटली होती. आधीच्या शिफ्टनं खऱ्या लाइनलाही, म्हणजे जिच्यावर कारखाना चालतो तिलाही, तोच नंबर देऊन ठेवलेला, आणि टूलनं आपणहून ती वाट जोडली होती. एंटर दाबलं असतं तर चालू लाइनच्या नोंदी गेल्या असत्या, आणि त्यांच्यामागून मी.

मॅनेजरपर्यंत गोष्ट गेलीच. "नववीवाल्याला परवानगी दिली कुणी?"

"म्या दिली," भाऊ म्हणाले. "तो नंबर त्यानं दिल्याला न्हाई. काढायचं तर मला काढा."

मॅनेजर निघून गेले. भाऊ म्हणाले, "चल, भाजी गार व्हतीया."

माझी नोकरी राहिली. घरी आईला यातलं काही सांगितलं नाही. भाऊंसाठी मात्र देवापुढं साखर ठेवायला सांगितली. का, ते तिनं विचारलं नाही.

यंदा भाऊ दुसऱ्या कंपनीत गेले, लांब. जाण्याआधी टूलमध्ये एक सोय करून गेले. खऱ्या लाइनची वाट उघडायला गेलं की पडद्यावर लाल चौकट येते: "थांब राव. तू आत्ता कुठं उभा हायस?"

मी मोठ्यानं उत्तर देतो. शेजारचे हसतात, हसू देत. मग बटण दाबण्याआधी हात जरा मागे घेतो, एका तळहाताची जागा सोडून.