कणगीतलं गणकयंत्र

दिगंबर इंगळे गेल्याची बातमी मला आमच्या शाळेच्या शिपायानं, गुलाबरावनं सांगितली. मी अकरावीच्या वर्गावर भूमिती शिकवत होतो. तो दारात येऊन म्हणाला, "सर, इंगळे सर वारले. शाळेले सुट्टी देऊन राह्यले." मी हातातलं प्रमेय पुरं केलं, खडू ठेवला आणि मगच वर्ग सोडला. त्याला आता सहा आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी 'आपले जुने स्नेही' म्हणून मला लिहायला सांगितलं आहे. गेलेल्या माणसावर गोड लिहायची रीत आहे, ती मला जमणार नाही. स्नेही होतो हे खरं, पण ते बारा वर्षांपूर्वी.

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही एकाच वर्षी मास्तर म्हणून लागलो, तो मराठीचा आणि मी गणिताचा. एका खोलीत राहायचो. स्वयंपाक तो करायचा, भांडी मी घासायचो. नकला करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हेडमास्तरांचं खाकरणं तो असं काढायचा की स्वतः हेडमास्तर दचकून मागे बघत. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, आणि आम्हीही. एका उन्हाळ्यात गणिताच्या शिक्षकांसाठी मुंबईत वर्ग निघाला, तेव्हा मी शेगावहून गाडीत बसलो. तिथे मी गणकयंत्र पाहिलं. खोलीभर कपाटं, मधूनच लुकलुकणारे दिवे, आणि काचेच्या अलीकडे आम्ही खेड्यापाड्यांतले मास्तर. तिथल्या प्राध्यापकांनी माझी वही पाहिली आणि विचारलं, वर्षभर इथे शिकायला याल का? मला फक्त आमच्या संस्थेची रजा हवी होती. आयुष्यात इतक्या मनापासून मी कधीच काही मागितलेलं नव्हतं...

ठरवलं असं की, स्नेहसंमेलनात संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब समोर बसलेले असताना गणकयंत्रावर निबंध वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा. आमच्याकडे पद्धत होती, की अध्यक्षांपुढे जाणारा कुठलाही कागद, मग तो ठराव असो की निरोपाचं भाषण, आधी मराठीच्या मास्तरांकडे शुद्धलेखनासाठी जायचा. मीही माझी नऊ पानं दिगंबरच्या हातात दिली.

"दिग्या, नीट पाय बे. याच्यावर माही रजा हाय."

"हाव ना बे. एक वेलांटी चुकू देत नाही," तो म्हणाला.

संमेलनाच्या दुपारी माझ्या निबंधाआधी त्याचा कार्यक्रम होता. पडदा वर गेला. मागे पाटी, 'अखिल तालुका गणकयंत्र परिषद'. एकजण शेजारच्या बीबी गावच्या विद्यापीठाचा कुलगुरू, एकजण डोणगावच्या बाजाराचा संशोधक, गळ्यात झेंडूच्या माळा, आणि मधोमध धान्य साठवायची, शेणानं सारवलेली एक उंच कणगी. तिला वीतभर भोक पाडलेलं. आत गुलाबराव, म्हणजे यंत्र. कुलगुरूंनी विचारलं, "यंत्रमहाराज, दोन अन् दोन किती?" बराच वेळ आतून घरघर आली आणि मग, "कोनाच्या वावरातले?" पुढच्या प्रश्नाला भोकातून नुसता हात बाहेर आला, हातात रिकामी कपबशी. मंडप कोसळायचा राहिला. सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो.

मग दिगंबर मुख्य वक्ता म्हणून उभा राहिला. अंगात माझ्यासारखाच कोट, नाकावर घसरणारा चष्मा. त्यानं कागद काढले आणि माझा निबंध वाचायला लागला. एक शब्दही बदलला नव्हता. "या यंत्राला केवळ दोनच अंक समजतात, शून्य आणि एक," असं तो माझ्या आवाजात म्हणाला, आणि पहिल्या रांगेतून बापूसाहेब ओरडले, "माह्या पोट्ट्याले तं शून्यच समजते!" लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मी बाजूला माझी कच्ची प्रत हातात घेऊन उभा. माझं नाव पुकारलं, तेव्हा मी तिथे नव्हतो.

अर्ज तरीही दिला. बापूसाहेब डोळे पुसत म्हणाले, "मुंबईले काऊन जाता मास्तर? यंत्र तं इथंच हाय, कणगीत!" रजा नामंजूर झाली. मुंबईहून आणखी एक पत्र आलं, मग आलं नाही.

दिगंबर म्हणाला, "गंमत होती बे, शांताराम." मी त्याच रात्री खोली सोडली. त्यानंतर बारा वर्षं एकाच शिक्षक-खोलीत, दोन खुर्च्या सोडून बसलो, पण बोललो नाही. दर संक्रांतीला तो तिळगूळ पुढे करायचा. मी घ्यायचो आणि त्याच्यादेखत गुलाबरावला द्यायचो. लोक मला कोत्या मनाचा म्हणत. असेन.

तेरावं झाल्यावर त्याच्या घरी गेलो, तेही हेडमास्तरांनी फारच आग्रह धरला म्हणून. वहिनींनी ट्रंकेतून एक पाकीट काढलं. "भाऊजी, हे म्हनत, शांताराम आला तं त्याले द्यायचं. तुमी आलेच नाही..."

माझी नऊ पानं होती. लाल शाईत ऱ्हस्वदीर्घ सुधारलेले, वेलांटी न् वेलांटी तपासलेली, आणि समासात जागोजाग, 'इथे थांबणे', 'चष्मा सारणे', 'हशा'. नवव्या पानावर मात्र काहीच खूण नव्हती. त्या पानावर मी लिहिलं होतं, की हे यंत्र एक दिवस आपल्या मुलांपर्यंत येणार, तेव्हा ते शिकवायला गावात एक तरी माणूस हवा. त्याखाली त्याच्या वळणदार अक्षरात एवढंच, 'हे पान वाचायचं नाही. हे खरं आहे.'

म्हणजे त्याला कळलं होतं! न कळून केलं असतं, तर त्या पाकिटासकट मी सगळं विसरून गेलो असतो. त्याला समजलं होतं, आणि तरी आठ पानं त्यानं वाचली.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या. ओसरीच्या कोपऱ्यात तीच कणगी उभी होती, भोकात चिंध्यांचा बोळा कोंबलेला. मी बोळा काढला. आत भोकाच्या काठापर्यंत तूर होती. वाकून, तोंड भोकाशी नेऊन मी विचारलं, "काऊन केलं बे?" बारा वर्षांत त्याच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

"काय पायता भाऊजी?" वहिनी कपबशी घेऊन मागे उभ्या होत्या.

"काही नाही," म्हणालो आणि तूर सांडू नये म्हणून बोळा परत घट्ट बसवला.